मार्च-एप्रिलचं आभाळ वाचायचं कसं: वर बर्फ, खाली अवकाळी

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल सरेपर्यंत रोज रात्री, भाकरी टाकून झाल्या की मी एका वहीत दोन आकडे लिहिते. पश्चिमेकडून येणारी हवेची लाट कुठवर आली त्याचे: पहिला रेखांश, दुसरा अक्षांश. एका मार्चमधल्या चार दिवसांच्या ओळी अशा आहेत: सोमवार ५६, ३०. मंगळवार ६२, २८. बुधवार ६७, २४. गुरुवार ७१, २१. गुरुवारच्या ओळीपुढे लाल पेनने लिहिलंय, ‘दुपारी चार वाजता गारा’.

आमची शेती निफाड तालुक्यात. अडीच एकर द्राक्षबाग, दीड एकर उन्हाळ कांदा, थोडा गहू. माझ्या बहिणीचा मुलगा नाशिकहून हिमाचल-काश्मीरला सहलीचे गट घेऊन जातो. मार्च उजाडला की त्याचा फोन ठरलेला: “मावशी, शुक्रवारी वरती बर्फ पडेल का?” मला प्रश्न पडलेला असतो बागेचा. तो विचारतो मनालीचं, मी बघते निफाडचं, आणि उत्तर आम्हा दोघांना एकाच बुलेटीनमध्ये सापडतं. ते कसं शोधायचं, हे आज सविस्तर लिहिते. बाग असलेल्यांना आणि त्या दिवसांत डोंगरात जाणाऱ्यांनाही उपयोग होईल.

वरचा बर्फ आणि खालची अवकाळी यांची नाळ एकच

भूमध्य समुद्राकडून हवेतल्या लाटा इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येतात. त्यांना आपण पश्चिमी झंझावात म्हणतो, हिंदी बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ ऐकू येतं. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. लाट हिमालयाला धडकली की काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात वर बर्फ आणि खाली पाऊस. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते आणि आपल्याकडे नुसता गार वारा येतो.

पण काही लाटांचं शेपूट दक्षिणेकडे लांब लोंबतं. ते राजस्थान-गुजरातवरून आपल्या डोक्यापर्यंत आलं की वरच्या थरात थंड, कोरडी हवा घुसते. खाली मार्चचं ऊन जमीन तापवत असतंच. त्यात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारं आलं, की दुपारनंतर ढग उभे वाढतात. पावसाळ्यापेक्षा या दिवसांत गोठणाची पातळी, म्हणजे जिथे तापमान शून्य अंश होतं ती उंची, खाली असते, म्हणून त्या ढगातली गार जमिनीवर येईपर्यंत वितळत नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको. हरभरा, गहू, द्राक्ष, संत्री, काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

वहीतले दोन आकडे

हवामान खात्याचं अखिल भारतीय बुलेटीन दिवसातून चारदा निघतं: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. संकेतस्थळावर फुकट मिळतं. बहुतेक लोक त्यातला फक्त रंगीत नकाशा बघतात आणि त्याच्या आधीचा मजकूर सोडून देतात. खरा माल त्या मजकुरात आहे. तिथे अशा अर्थाचं एक वाक्य असतं: पश्चिमी झंझावात समुद्रसपाटीपासून ५.८ किलोमीटर उंचीवर द्रोणीच्या रूपात असून तिचा आस रेखांश ६२ अंश पूर्व, अक्षांश २८ अंशांच्या उत्तरेस आहे.

द्रोणी म्हणजे त्या लाटेचा खोलगट भाग, आस म्हणजे त्याची मधली रेघ. पहिला आकडा सांगतो ती पूर्वेकडे कुठवर आली. ६० म्हणजे इराणची पूर्व बाजू, ६५ ते ७० म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तान. श्रीनगर आणि निफाड दोन्ही ७४ च्या आसपास आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशावर पट्टी ठेवून खात्री केली होती. मनाली आणि शिमला ७७ वर, बद्रीनाथ त्याच्याही पुढे, साडेएकोणऐंशीवर. लाट साधारण दिवसाला पाच ते दहा अंश सरकते. म्हणजे आज ६२ वर असेल तर काश्मीरला दीड-दोन दिवस, मनालीला त्याच्या थोडं पुढे. नुसत्या भागाकाराने तुम्हाला वार कळतो.

दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त मोलाचा. शेपूट दक्षिणेला कुठवर लोंबतंय, ते तो सांगतो. निफाड २० अंशांवर आहे. वहीतल्या इतक्या वर्षांच्या नोंदींवरून माझा ठोकताळा असा: ३० किंवा २८ असेल तर तो डोंगराचा पाऊस, मी माझ्या कामाला लागते. २५ च्या आसपास आला की राजस्थान-मध्य प्रदेशाचं बघायचं आणि कान उघडे ठेवायचे. २२ किंवा त्याच्या खाली उतरला की माझी झोप उडते. हा माझा अंदाज आहे, खात्याचा नियम नाही. तुम्ही तुमच्या गावाची वही ठेवा, तुमचा आकडा वेगळा निघेल.

दोन आकडे जुळले तरी ओल नसेल तर नुसतं आभाळ येऊन जातं. म्हणून त्याच मजकुरात दुसरं वाक्य शोधायचं: विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकातून केरळ किंवा तमिळनाडूपर्यंत वाऱ्याची खंडितता (वाऱ्याची दिशा जिथे एकदम बदलते तो पट्टा) किंवा द्रोणीय स्थिती आहे का? ती असली तर दमट वारं आपल्याकडे वळलंय, असं समजा. घरबसल्याही ते कळतं. मार्चमध्ये आमच्याकडे सकाळचं वारं उत्तरेचं किंवा वायव्येचं असतं, ओठ फुटतात, वाळत घातलेली धुणी तासाभरात खडखडीत होतात. एखाद्या सकाळी वारं पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून लागलं, अंग चिकट झालं आणि दहा वाजले तरी साडी दोरीवर दमटच राहिली, की सासूबाई म्हणायच्या, “वारं फिरलं.” आता मी फोनवर दवबिंदू बघते, हवेत ओल जास्त तितका तो वर. एरवी या दिवसांत तो दहाच्या खाली रेंगाळतो, पंधरा-सोळाच्या वर गेला की त्यांचंच वाक्य आठवतं.

‘तुरळक’ या शब्दाने मला फसवलं नाही, मीच तो चुकीचा वाचला

हे मी मन लावून लिहितेय, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान या एका शब्दापायी झालं. २०२३ च्या मार्चमधली गोष्ट. अंदाज होता ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपीट’, जिल्ह्याला पिवळा रंग. मी तुरळकचा अर्थ ‘थोडासा’ असा घेतला. तीस गुंठ्यांतला कांदा उपटून शेतातच पातीखाली झाकून ठेवला होता, तो उचलला नाही. बाग दोन दिवसांनी खुडायची ठरली होती, ती ठरल्याप्रमाणेच राहू दिली. गारा दहा मिनिटंसुद्धा पडल्या नसतील. ओढ्याच्या पलीकडे, दोन किलोमीटरवर, रस्ता कोरडा होता. आमच्या बागेत मात्र घडांच्या खालच्या मण्यांतून रस टपकत होता आणि माती गोड वासाने भरली होती. तो वास अजून नाकात आहे.

तुरळक हा शब्द पावसाचं माप सांगत नाही, ठिकाणांची संख्या सांगतो. त्या विभागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस, म्हणजे ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ ‘बऱ्याच ठिकाणी’, त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. ज्या शिवारावर ढग येईल तिथे तो पूर्णच येतो. गारपीट तर स्वभावानेच तुरळक असते, तिचा पट्टा काही किलोमीटरचा. म्हणून मार्चमध्ये तुरळक आणि गारपीट हे दोन शब्द एका ओळीत दिसले की मी ते असे वाचते: तालुक्यात कोणाचं तरी जाणार, ते माझंही असू शकतं.

पावसाच्या मापाचे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार. कांद्याला आणि पिकल्या द्राक्षाला ‘हलका’ हा शब्दही दिलासा देत नाही. मण्यांच्या बेचक्यात पाणी काही तास साचलं तरी तडे जातात.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. रंग बहुतेक वेळा संपूर्ण जिल्ह्याला दिलेला असतो आणि आमचा जिल्हा इगतपुरीच्या घाटापासून येवल्याच्या माळापर्यंत पसरलाय. त्यामुळे रंगापाशी थांबायचं नाही, खालची ओळ वाचायची: वाऱ्याचा वेग ३०-४० लिहिलाय की ५०-६०, गारपीट शब्द आहे की नाही.

आणखी एक घोटाळा वेळेचा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. ‘१८ तारखेला पाऊस’ यात १९ ची पहाट येते. मजूर १९ ला सकाळी सहाला बोलावताना हे ध्यानात असू द्या. उपग्रहाच्या चित्रांवरची वेळ आंतरराष्ट्रीय असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. चित्रावर ०९०० असेल तर ते आपल्या दुपारी अडीचचं.

फोनवरच्या ढगाच्या चित्राबद्दल

गावाचं नाव टाकलं की फोन ढग, थेंब आणि ‘६० टक्के’ दाखवतो. त्याच्या आत मॉडेल असतं, म्हणजे संगणकाने नकाशाचे चौकोन पाडून केलेलं हवेचं गणित. युरोपीय मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकीचा १३ चा, आपल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचा ६ चा. ती २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली. अख्ख्या चौकोनाला एकच उत्तर मिळतं. आमचा ओढा आणि पलीकडचा कोरडा रस्ता त्यात वेगळे पडत नाहीत. मी दोन मॉडेलं शेजारी ठेवून बघते. तीन दिवस आधी दोन्ही एकाच दिवशी पाऊस दाखवत असतील तर दिवस पक्का धरते, जागा मात्र धरत नाही. दोघांत फरक असेल तर खर्चाचा निर्णय सकाळच्या बुलेटीनपर्यंत थांबवते. आठ-दहा दिवसांपुढचं चित्र मी उघडतच नाही, आणि त्यावरून गावच्या ग्रुपवर कोणी ‘महाभयंकर’ लिहिलं तर पुढेही पाठवत नाही.

किती आधी काय करायचं

पाच दिवस आधी फक्त थांबता येण्यासारखी कामं थांबवायची. कांद्याचं उपटणं पुढे ढकलायचं, गव्हाच्या सोंगणीसाठी हार्वेस्टरवाल्याला नंबर लावून ठेवायचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, ‘मेघदूत’ अ‍ॅपवरही दिसतो. त्यात पिकानुसार लिहिलेलं असतं.

तीन दिवस आधीचा निर्णय सगळ्यात अवघड. मी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत उतरते आणि वेगवेगळ्या ओळींतले, सावलीतले आणि उन्हातले मणी तपासते. गोडी १८ ब्रिक्सच्या पुढे असेल तर व्यापाऱ्याला फोन करून खुडणी अलीकडे ओढते, किलोमागे दोन-चार रुपये कमी आले तरी. १५ असेल तर खुडत नाही. कच्चा माल भीतीपोटी तोडला तर तोटा पक्का होतो, आणि गार मात्र येईलच असं नाही. बुरशीनाशक मारायची घाई होते, पण काढणीपूर्वीचे राखायचे दिवस मोजल्याशिवाय हात लावू नका, औषधाच्या अंशाच्या तपासणीत अख्खा प्लॉट अडकतो. ज्यांच्याकडे प्लास्टिक आच्छादन आहे त्यांनी बांधण्या आणि तारा याच दिवशी तपासाव्यात, कारण सोसाट्याच्या वाऱ्यात सैल कागद बागेचाच मांडव ओढून नेतो. सांगली-तासगावकडे बेदाण्याच्या रॅकवर माल असेल तर शेडच्या वाऱ्याकडच्या बाजू झाकायचा दिवसही हाच.

एक दिवस आधी: उपटलेला कांदा गोळा करून ढीग उंचवट्यावर, ताडपत्री टाकून, ताडपत्रीच्या कडेने चर. भिजलेला कांदा चाळीत भरू नका. तो आधी वाळवा आणि विकून टाका, नाहीतर चाळीत शेजारचेही सडवतो. ब्लोअरमध्ये डिझेल भरून ठेवा. पाऊस थांबला की पाणी झटकायला तो लगेच लागतो, आणि नेमकी तेव्हा वीज गेलेली असते.

दुपारी एकनंतर मी उपग्रहाचं चित्र दर अर्ध्या तासाने बघते. मुंबईचं रडार आमच्यापासून लांब, त्याची किरणं इथवर येईतो बरीच उंचावतात, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबत नाही. धुळे-नंदुरबारकडे किंवा नगरच्या बाजूला ढगाचा पांढरा ठिपका अर्ध्या तासात दुप्पट झाला आणि कडा फुलकोबीसारख्या फुगल्या, की मजुरांना बागेबाहेर काढते. खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा असतो, तोही तेव्हाच येतो. विजेसाठी पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. बागेतल्या लोखंडी अँगल-तारांपाशी आणि बांधावरच्या एकट्या झाडाखाली कोणालाही थांबू देऊ नका. क्रेट भिजले तर भिजू देत.

भाच्याला सांगते ते, डोंगरात जाणाऱ्यांसाठी

डोंगरात ‘पाऊस की बर्फ’ हे गावाच्या नावावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. शिमल्याचं हवामान केंद्र म्हणूनच हिमाचलचा अंदाज तीन पायऱ्यांत देतं: सखल भाग, मध्यम उंचीचे डोंगर, उंच डोंगर. अंदाजात गोठणाची पातळी मिळाली तर तिच्याखाली दोनशे-तीनशे मीटरपर्यंत बर्फ जमिनीवर टिकतो, असं धरा. नाही मिळाली तर एका किलोमीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने काढा. मनाली सुमारे २०५० मीटरवर, तिथे तापमान ७ अंश असेल तर शून्य अंश हजारेक मीटर वर, म्हणजे ३१०० च्या आसपास. अटल बोगद्याची दोन्ही तोंडं त्याच उंचीची. म्हणजे मनालीत पाऊस आणि बोगद्याच्या तोंडाशी बर्फ, एकाच तासाला. मनालीच्या हॉटेलातून “इथे तर नुसती भुरभुर आहे” असा फोन आला तरी गाडी सोडायची नाही ती यासाठी.

जवळपास एक सेंटिमीटर बर्फ म्हणजे एक मिलिमीटर पाणी. ‘३० मिलिमीटर’ वाचून आपल्याला काहीच वाटत नाही, कारण आपण पावसाळ्याच्या मापाने मोजतो. वर तो फूटभर बर्फ असतो, आणि मार्च-एप्रिलचा बर्फ ओला, जड. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं, त्यात आठजण गेले. ते जोरदार बर्फवृष्टीचे दिवस होते. म्हणून पाऊस-बर्फाच्या अंदाजाबरोबर चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशाराही बघायचा. आभाळ निवळल्या सकाळी लोक उत्साहाने बाहेर पडतात. बर्फ नुकताच साचलेला असतो, ऊन लागतं आणि तो सुटतो. माझा भाचा लाट गेल्यावर एक पूर्ण दिवस गट हॉटेलात ठेवतो. लोक कुरकुरतात, पैसे मागतात. तो ऐकत नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला चारधामची दारं उघडतात. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे एप्रिल-मेमध्येही लाट आली की बर्फ पडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन निघणार असाल तर तिकीट काढताना एक जादा दिवस हाताशी ठेवा, आणि निघायच्या आधी चार दिवस तेच दोन आकडे लिहायला लागा.

लाट गेल्यावर

आपल्याकडे मागून उत्तरेचं कोरडं वारं येतं, रात्रीचा पारा दोन-चार अंशांनी उतरतो. बाग या हवेत लवकर सुकते, ते चांगलं. गारांचा मार बसला असेल तर विम्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. पीक विमा योजनेत गारपीट स्थानिक आपत्ती म्हणून नोंदवता यायची, पण महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून ती सोय काढून टाकली. द्राक्षाला हवामान आधारित फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, तुम्ही ते घेतलंय का, ते पावती काढून आजच बघा. फोटो गारा वितळायच्या आत काढा, शेजारी काहीतरी मापाचं ठेवून. मी काडेपेटी ठेवते. मग बागेत सगळ्या ओळी फिरून फुटके घड आधी काढते, कारण त्यांचा रस शेजारच्या चांगल्या घडांवर बुरशी आणतो. संध्याकाळी वही उघडते, नवीन पान घेते. पुढची लाट बऱ्याचदा तोवर ५० च्या आसपास उभी असते.